संगणक सुरू होतो, पण डिस्प्ले येत नाही : दोष शोधण्याचा क्रम

बटन दाबले की कॅबिनेटमधले पंखे फिरू लागतात, दिवे लागतात, मॉनिटर मात्र काळाच राहतो किंवा ‘नो सिग्नल’ एवढे दाखवून बंद होतो. डेस्कटॉपच्या तक्रारींमध्ये ही तक्रार फार फसवी आहे, कारण पंखे फिरताना पाहून यंत्र चालू आहे असा समज होतो. पंखे फिरण्यासाठी एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, १२ व्होल्टचा पुरवठा सुरू होणे पुरेसे असते. त्या वेळी प्रोसेसरने एकही सूचना पार पाडलेली नसण्याची शक्यता असते. म्हणून पंख्यांकडे पाहून निष्कर्ष काढू नये, आणि पुराव्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये. अंदाजाने आधी रॅम, मग ग्राफिक्स कार्ड, मग मदरबोर्ड बदलत गेलेली आणि शेवटी केवळ एका सैल जोडणीमुळे अडलेली यंत्रे मी पाहिली आहेत, आणि म्हणूनच हा क्रम सविस्तर लिहावासा वाटला.

शब्दांबाबत एक खुलासा आवश्यक आहे. बोलताना अनेक जण संपूर्ण डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात. या लेखात डब्याला कॅबिनेट आणि मदरबोर्डवरच्या मुख्य चिपला प्रोसेसर म्हटले आहे.

बटन दाबल्यापासून चित्र येईपर्यंत

बटन दाबल्यावर एसएमपीएस सुरू होतो, आपले व्होल्टेज स्थिर झाल्याची खात्री करतो आणि साधारण ०.१ ते ०.५ सेकंदात मदरबोर्डला ‘पॉवर गुड’ हा संकेत देतो. तो मिळाल्यावरच प्रोसेसर कामाला लागतो आणि मदरबोर्डवरच्या एका लहान चिपमध्ये साठवलेला बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम, वाचू लागतो. बायोस आधी प्रोसेसर आणि रॅम तपासून तयार करतो, त्यानंतर ग्राफिक्सची व्यवस्था जागी करतो आणि मग पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह उमटते. या स्वयंतपासणीला ‘पोस्ट’ म्हणतात. हार्ड डिस्क किंवा एसएसडी आणि त्यावरचे विंडोज यांची पाळी त्यानंतर येते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पहिल्या क्षणापासून पडदा काळा असेल, बोधचिन्हही दिसत नसेल, तर दोष विंडोजमध्ये असण्याची शक्यता फारच कमी असते, आणि विंडोज पुन्हा टाकण्याचा खटाटोप निरर्थक ठरतो. याला एक अपवाद आहे : काही मॉनिटर जागे व्हायला इतका वेळ घेतात की बोधचिन्ह येऊन गेलेले कळतच नाही.

हात घालण्यापूर्वी

कॅबिनेट उघडण्याआधी एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करावा, पॉवर केबल काढावी आणि नंतर समोरचे बटन पाच-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठून राहिलेला विद्युतभार निघून जातो. भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा आणि काम चालू असताना अधूनमधून तो पुन्हा करावा. अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण रॅमसारख्या भागांना ती घातक ठरू शकते. एसएमपीएस मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. वीज काढल्यानंतरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो.

कोणतीही केबल काढण्यापूर्वी आतल्या भागांची दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत. त्याहून मोठे पथ्य म्हणजे एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर यंत्र सुरू करून पाहावे. रॅम, केबल आणि मदरबोर्डवरचा सेल एकाच दमात बदलल्यावर डिस्प्ले आला तरी दोष कशात होता हे कळत नाही, आणि तो पुन्हा उद्भवला की सगळी वाट पहिल्यापासून चालावी लागते.

पहिला प्रश्न : यंत्र अडले आहे की केवळ चित्र पोहोचत नाही?

पुढची सगळी दिशा या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. संगणक सुरू करून एक-दोन मिनिटे थांबावे आणि कीबोर्डवरचे नम लॉक किंवा कॅप्स लॉक हे बटन दाबून पाहावे. दाबल्याबरोबर त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर प्रोसेसर आणि रॅम काम करत आहेत आणि पोस्ट बहुधा पार पडली आहे. कीबोर्डवरची सजावटीची रोषणाई पुरावा म्हणून धरू नये. तिला यूएसबीचा वीजपुरवठा मिळाला की ती लागते. विंडोजचा आवाज ऐकू येणे किंवा तो संगणक घरातल्या नेटवर्कवर दुसऱ्या उपकरणाला दिसणे, हेही तसेच भक्कम पुरावे आहेत. आणखी एक खूण अशी की पॉवर बटन एकदाच हलके दाबल्यावर यंत्र लगेच न थांबता काही सेकंद काम करून मग शिस्तीत बंद झाले, तर विंडोज चालू होते असे समजावे.

यांपैकी एखादी खूण मिळाली तर शोध मॉनिटर, केबल, पोर्ट आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यापुरता मर्यादित राहतो. एकही मिळाली नाही तरी मॉनिटरची तपासणी टाळू नये, कारण तिला पाच मिनिटे पुरतात आणि स्क्रूड्रायव्हर लागत नाही.

मॉनिटर, केबल आणि पोर्ट

मॉनिटरचे स्वतःचे मेन्यूचे बटन दाबावे. मेन्यू दिसला तर पडदा आणि त्याचा दिवा ठीक आहे. त्याच मेन्यूत इनपुट सोर्स तपासावा. केबल एचडीएमआयला आणि मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर अडकलेला, हे वारंवार घडते. त्यानंतर तीच केबल आणि तोच मॉनिटर एखाद्या लॅपटॉपला जोडून पाहावा, म्हणजे दोन्हींचा निकाल एकदम लागतो. व्हीजीए केबल असेल तर तिच्या टोकातली एखादी पिन वाकली आहे का ते नीट पाहावे. मध्ये कन्व्हर्टर असेल तर तो शक्यतो काढून टाकावा, कारण बहुतेक कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतात आणि उलट लावल्यास काहीच दाखवत नाहीत.

पोर्टचा मुद्दा मात्र शांतपणे समजून घ्यावा. कॅबिनेटच्या मागे यूएसबीच्या पोर्टांजवळचे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट मदरबोर्डचे असतात, तर त्यांच्या खाली स्वतंत्र आडव्या पट्टीवरचे पोर्ट ग्राफिक्स कार्डचे असतात. ग्राफिक्स कार्ड बसवलेले असल्यास केबल कार्डालाच लावावी, कारण कार्ड दिसताच अनेक मदरबोर्ड आपला डिस्प्ले बंद करतात. याउलट मदरबोर्डच्या पोर्टमधून चित्र यायचे असेल तर प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असावी लागते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत ती नसते. एएमडीच्या रायझन ५००० पर्यंतच्या डेस्कटॉप मालिकांमध्ये ती साधारणपणे ‘जी’ अक्षराच्या प्रोसेसरांतच मिळते. ७००० मालिकेपासून बहुतेकांत ती आहे, पण तिथेही ‘एफ’वाले प्रोसेसर तिच्याविना येतात. अशा प्रोसेसरबरोबर मदरबोर्डच्या पोर्टला केबल लावून कितीही वेळ थांबले तरी चित्र येणार नाही.

एकापेक्षा जास्त मॉनिटर किंवा टीव्ही जोडलेले असतील तर एक ठेवून बाकीचे काढावेत. सुरुवातीचे चित्र भलत्याच पडद्यावर जात असू शकते. डिस्प्लेपोर्टची एक विचित्र अडचणही इथेच सांगतो. या केबलमधली विसावी पिन दोन्ही टोकांना जोडलेली नसावी असा नियम आहे, पण काही स्वस्त केबलींमध्ये ती जोडलेली असते. त्यामुळे मॉनिटरमधून थोडी वीज उलट दिशेने ग्राफिक्स कार्डात शिरते आणि यंत्र सुरू होताना अडखळते. डिस्प्लेपोर्ट काढून एचडीएमआय लावल्यावर यंत्र सुरळीत चालत असेल, तर ही केबल बदलावी.

मदरबोर्ड काय सांगतो ते ऐकणे आणि पाहणे

इथवर सगळे ठीक असेल तर कॅबिनेटचे झाकण काढावे. गेल्या काही वर्षांतल्या अनेक मदरबोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्कवरून विंडोज सुरू होणे) असे लिहिलेले चार बारीक दिवे असतात. यंत्र सुरू होताना ते एकामागून एक लागून विझतात. जो दिवा लागून तसाच राहतो, तिथे तपासणी अडली आहे. महाग मदरबोर्डांवर याऐवजी दोन अंकांचा कोड दिसतो, आणि त्याचा अर्थ त्या मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो.

जुन्या यंत्रांत हे काम बीप करते. नव्या कॅबिनेटांबरोबर स्पीकर बहुधा येत नाही. चार पिनांच्या जागेवर बसणारा छोटा स्पीकर मिळतो, तो मदरबोर्डवर ‘स्पीकर’ लिहिलेल्या ठिकाणी लावावा. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सचा दोष. इतर बायोसमध्ये याच बीपचे अर्थ वेगळे असतात, म्हणून आपल्या मदरबोर्डचा तक्ता पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये. रॅम पूर्ण काढून यंत्र सुरू केल्यावर बीप वाजणे ही चांगली खूण आहे : प्रोसेसर आणि बायोस जिवंत असल्याशिवाय रॅम नसल्याची तक्रार कोण करणार? मात्र स्पीकर जोडलेला असूनही रॅमशिवाय पूर्ण शांतता असेल, तर संशय प्रोसेसर, मदरबोर्ड किंवा वीजपुरवठ्याकडे वळतो.

यंत्राच्या वागण्याची तऱ्हाही लक्षात घ्यावी. एका सेकंदात बंद पडत असेल तर शॉर्ट सर्किट किंवा एसएमपीएसचा दोष शोधावा. पुन्हा पुन्हा आपोआप सुरू-बंद होत असेल तर रॅम किंवा तिच्या सेटिंगचा.

इथे घाई फार नडते. डीडीआर५ रॅमची नवी जुळणी पहिल्यांदा सुरू होते किंवा बायोसची सेटिंग पुसली जाते, तेव्हा मदरबोर्ड रॅमच्या वेळा जुळवत बसतो आणि त्याला काही मिनिटे लागू शकतात. तोवर पडदा काळा असतो आणि डीरॅमचा दिवा लागलेला असतो. रॅम जास्त असेल तर हा वेळ वाढतो. मध्येच बंद केल्यास ते काम पहिल्यापासून सुरू होते, म्हणून पंधरा मिनिटे यंत्राला हात न लावता थांबावे.

रॅम

पोस्ट अडण्याच्या कारणांमध्ये रॅमची जोडणी हे फार नेहमीचे कारण आहे, आणि सुदैवाने सर्वांत सोपेही. वीज पूर्ण काढून सर्व रॅम बाहेर काढाव्यात. स्लॉटमधली धूळ हवेच्या फवाऱ्याने किंवा मऊ कोरड्या ब्रशने काढावी. तोंडाने फुंकर मारू नये, कारण तिच्याबरोबर ओलावा जातो. रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळपट झाल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसाव्यात. पांढऱ्या मऊ खोडरबरानेही काम होते, पण ते हलक्या हाताने चालवावे आणि त्याचा एकही कण पट्टीवर किंवा स्लॉटमध्ये राहू देऊ नये.

आता एकच रॅम बसवावी. चार स्लॉट असलेल्या बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा स्लॉट एकट्या रॅमसाठी ठरलेला असतो, आणि दोन रॅम असल्यास दुसरा व चौथा. तरी पुस्तिकेत खात्री करावी. खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. काही स्लॉटांना खटका एकाच टोकाला असतो, आणि नेमके दुसरे टोक किंचित वर राहून जाते; बाहेरून ते बसल्यासारखेच दिसते. ‘खट’ असा आवाज आला तरी डोळ्यांनी पाहून घ्यावे.

डिस्प्ले आला नाही तर तीच रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये, आणि मग दुसरी रॅम पहिल्या स्लॉटमध्ये अशी पाळीपाळीने तपासावी. एक रॅम सगळ्या स्लॉटांत नापास होत असेल तर ती रॅम खराब आहे. सगळ्या रॅम एकाच स्लॉटमध्ये नापास होत असतील तर स्लॉट खराब आहे, किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली आहे. हे दुसरे कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, पण रॅमच्या तारा थेट प्रोसेसरकडे जातात, त्यामुळे सॉकेटमधल्या एका पिनेने रॅमचा एक अख्खा चॅनेल, म्हणजे प्रोसेसरशी जोडणारा मार्ग, बंद पडू शकतो. नवी रॅम आणली असेल तर तिची पिढीही पाहावी : डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावून बसवण्याचा प्रयत्न स्लॉट तोडतो.

बायोसची सेटिंग पुसणे

रॅमचा वेग वाढवणारे एक्सएमपी किंवा एक्सपो हे पर्याय चालू केल्यानंतर, किंवा प्रोसेसरचे व्होल्टेज बदलल्यानंतर डिस्प्ले गेला असेल, तर दोष तिथेच आहे असे प्रथम धरावे. वीज काढून मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटन सेल पाच-दहा मिनिटांसाठी काढून ठेवावा, किंवा ‘क्लिअर सीमॉस’ (सीमॉस म्हणजे बायोसची सेटिंग जिथे साठते ती जागा) लिहिलेल्या दोन पिना पुस्तिकेप्रमाणे काही सेकंद जोडाव्यात. सेल परत बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर ठेवावी. हा सेल ३ व्होल्टचा असतो, मोजल्यावर २.५ व्होल्टच्या खाली गेलेला आढळला तर तो बदलावा.

दोन सावधगिरीच्या सूचना आहेत. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क कुलूपबंद ठेवण्याची सोय, चालू असेल तर सेटिंग पुसल्यानंतर विंडोज रिकव्हरी की मागू शकते, तेव्हा ती आधीच हाताशी असावी. दुसरे असे की फार जुन्या ग्राफिक्स कार्डांमध्ये यूईएफआयला, म्हणजे नव्या प्रकारच्या बायोसला, लागणारा भाग नसतो. सीएसएम हा जुन्या पद्धतीशी जुळवून घेणारा पर्याय बंद असलेल्या नव्या मदरबोर्डवर अशी कार्डे सुरुवातीचे चित्रच दाखवत नाहीत. जुने कार्ड नव्या मदरबोर्डवर लावून काळा पडदा येत असेल, तर कार्ड खराब ठरवण्याआधी ते जुन्या यंत्रात लावून पाहावे.

ग्राफिक्स कार्ड आणि विजेच्या जोडण्या

प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय असेल तर कार्ड काढून केबल मदरबोर्डला लावावी. डिस्प्ले आला की शोध कार्ड, त्याचा स्लॉट आणि त्याची वीज एवढ्यावर येतो. सोय नसेल तर कार्ड काढून, पट्ट्या पुसून, खटका बसेपर्यंत दाबून पुन्हा लावावे. जड कार्ड स्वतःच्या वजनाने खाली झुकून स्लॉटमधून किंचित निसटते, तेव्हा ते हाताने थोडे वर उचलून धरून यंत्र सुरू होते का तेही पाहावे.

स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज मिळते. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डांना ६ पिनांची जोडणी आणखी ७५ वॉट आणि ८ पिनांची १५० वॉट देते. कार्डावर जितक्या जोडण्यांची जागा असेल तितक्या सगळ्या लावाव्यात. कार्ड रायझर केबलवर (कार्ड आणि स्लॉट यांना जोडणारी लवचिक केबल) उभे बसवले असेल तर ते थेट स्लॉटमध्ये लावून तपासावे. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीसाठी बनलेली रायझर केबल चौथ्या पिढीच्या वेगावर अनेकदा चित्रच देत नाही.

प्रोसेसरची वीज हा वेगळा विषय आहे. मदरबोर्डला २४ पिनांची मोठी जोडणी लागते, आणि त्याशिवाय प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यात ४ किंवा ८ पिनांची आणखी एक लागते. ही दुसरी जोडणी राहून गेली तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि डिस्प्ले येत नाही : नेमके तेच लक्षण, ज्याच्यासाठी हा लेख आहे. नव्याने जुळवलेल्या यंत्रात हे सर्वांत आधी पाहावे. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची जोडणी दिसायला तशीच असली तरी तिच्यातल्या तारांची मांडणी वेगळी असते, म्हणून ती इथे जोराने बसवू नये. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या होणाऱ्या, एसएमपीएसच्या केबलीही दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नयेत. एका टोकाचा आकार जुळला तरी तारांचा क्रम जुळेलच असे नाही, आणि भाग जळू शकतात.

कमीत कमी भागांवर यंत्र

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर यंत्र किमान भागांवर आणावे : मदरबोर्ड, प्रोसेसर व त्याचा पंखा, एक रॅम, एसएमपीएस आणि डिस्प्लेची एक सोय. डिस्क, यूएसबी उपकरणे, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांच्या तारा, सगळे काढावे. रिसेट बटनाची तारही काढावी. ते बटन आत अडकून राहिले तर प्रोसेसर सतत थांबवलेल्या अवस्थेत राहतो आणि पंखे मात्र फिरत राहतात.

तरीही फरक पडला नाही तर मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवावा आणि पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवून तो सुरू करावा. बाहेर चालला आणि आत चालत नसेल, तर मदरबोर्डखाली एखादा सुटा स्क्रू किंवा चुकीच्या जागी लागलेला पितळी स्टँडऑफ (मदरबोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खांब) शॉर्ट करत आहे.

एसएमपीएस, प्रोसेसर आणि मदरबोर्ड

एसएमपीएसची खात्रीची परीक्षा म्हणजे पुरेशा क्षमतेचा, चालू स्थितीतला दुसरा एसएमपीएस लावून पाहणे. हिरवी आणि काळी तार जोडून पंखा फिरवून पाहण्याची पद्धत प्रसिद्ध आहे, पण तिच्यात भार जवळजवळ नसतो, त्यामुळे भाराखाली कोसळणारा एसएमपीएसही तिच्यात पास होतो. मल्टिमीटर वापरता येत असेल तर यंत्र चालू असताना १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६, ५ व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ व्होल्टच्या तारेवर साधारण ३.१४ ते ३.४७ एवढे वाचन यावे.

प्रोसेसर शेवटी काढावा, आणि हाताळणीत चूक होण्याची भीती वाटत असेल तर ते काम जाणकाराकडे सोपवावे. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि कूलर आणि प्रोसेसर यांच्यामधल्या सुकलेल्या थर्मल पेस्टमुळे कूलर उचलताना प्रोसेसर त्याच्याबरोबर उपटून येतो. म्हणून यंत्र सुरू होत असेल तर आधी थोडा वेळ गरम होऊ द्यावे, मग बंद करून, कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवून सोडवावा. एलजीए प्रकारात पिना सॉकेटमध्ये असतात. त्या तिरप्या उजेडात पाहिल्यास वाकलेली पिन रांगेतून वेगळी चमकते. मदरबोर्डवर वरून फुगलेले किंवा गळलेले कपॅसिटर दिसले, तर दोष तिथेच असण्याची दाट शक्यता आहे.

प्रोसेसर नवीन असेल तर बायोसची आवृत्ती तपासणे अत्यावश्यक आहे. उदाहरणार्थ, बी४५० चिपसेटच्या मदरबोर्डमध्ये रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसतो, पण जुन्या बायोसवर तो चालत नाही, आणि लक्षण तेच : पंखे फिरतात, पडदा काळा. काही मदरबोर्डांवर प्रोसेसरशिवायही पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याचे बटन असते. नसेल तर जुना प्रोसेसर लावून बायोस बदलावा लागतो.

बोधचिन्ह दिसते, मग पडदा काळा होतो

हे प्रकरण वेगळे आहे आणि बरेच सौम्य आहे, कारण इथे ग्राफिक्सपर्यंतचे भाग चालत असल्याचे सिद्ध झालेले असते. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटने एकत्र दाबल्यास ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. तेवढ्याने न भागल्यास विंडोज सुरू होत असताना पॉवर बटन दाबून धरून यंत्र बंद करावे; असे सलग दोन-तीनदा केल्यावर दुरुस्तीचा पडदा येतो, तिथून सेफ मोडमध्ये (अगदी आवश्यक ड्रायव्हरांवर चालणारे विंडोज) जाऊन ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून टाकावा आणि नव्याने टाकावा. मॉनिटरला न झेपणारा रिफ्रेश रेट (पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा ताजे होते तो आकडा) निवडला गेला असेल, तर सेफ मोडनंतर तोही बदलता येतो.

डिस्प्ले परत आल्यावर

झाकण लगेच बंद करू नये. आधी बायोसमध्ये तारीख, वेळ आणि बूटचा क्रम पाहावा; सीमॉस पुसलेला असल्यास हे सगळे मूळ स्थितीत गेलेले असते. रॅम दोषी ठरली असेल किंवा तिच्यावर संशय असेल, तर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवून किमान एक पूर्ण फेरी होऊ द्यावी. त्यात एकही त्रुटी दिसली तर रॅम किंवा तिची सेटिंग अजून ठीक नाही. काढून ठेवलेले भाग एक-एक करून परत लावावेत आणि प्रत्येकानंतर यंत्र सुरू करावे. एक्सएमपी किंवा एक्सपो सर्वांत शेवटी चालू करावे, आणि त्यानंतर यंत्र पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा सुरू करून पाहावे, कारण सैल जोडणीचे आणि थकलेल्या एसएमपीएसचे दोष गरम यंत्रात लपून राहतात आणि थंड सुरुवातीलाच उघडे पडतात.